रशियन चांदी आणि मीनाकारी जमवायचीय? मग स्टॅम्प सगळ्यात शेवटी बघा

रशियन चांदीचा विषय निघाला की लोक थेट फाबेर्जे या रशियन जवाहिऱ्याच्या अंड्यांवर जातात आणि मग विषय तिथेच संपतो, कारण झारसाठी केलेली ती अंडी मोजून ५० आणि बहुतेक सगळी म्युझियममध्ये किंवा अब्जाधीशांकडे. पण त्याच काळात मॉस्कोमधल्या कारखान्यांतून चमचे, मिठाच्या वाट्या, चहाच्या ग्लासचे होल्डर, सिगारेट केस, काडेपेटीची कव्हरं असा प्रचंड माल बाहेर पडला, त्यातला बराचसा युरोप-अमेरिकेत पांगला आणि आजही लिलावात, जुन्या वस्तूंच्या दुकानात नियमित येतो. साधा माणूस थोडे पैसे साठवून घेऊ शकेल असं खरं काम त्यात आहे. आणि त्याच्या दुप्पट नकली काम आहे, हेही आत्ताच सांगून टाकतो.

नवीन माणूस काय करतो तर वस्तू हातात आली की उलटी करतो, भिंग लावतो, ८४ हा शुद्धतेचा आकडा दिसला, सरकारी ठशातलं बाईचं डोकं दिसलं की खूश. हे मला उलटं वाटतं. पोलादी पंच कोणीही बनवू शकतो आणि एका हातोडीत ठसा उमटतो, पण आठ-दहा वेळा भट्टीत घालून काढलेली मीना एका हातोडीत होत नाही. म्हणून आधी मीना, मग तारकाम, मग पाठ आणि झीज, आणि ठसा सगळ्यात शेवटी, या क्रमाने जायचं. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय, त्याआधी थोडा इतिहास, कारण कुठल्या काळात काय बनत होतं हे माहीत नसेल तर चूक पकडताच येत नाही.

आधी थोडा इतिहास, पण कामापुरता

कीव्हच्या राजवटीत ११व्या-१२व्या शतकात सोन्यावर पातळ पट्ट्यांच्या खणात मीना भरायचं फार सुंदर काम व्हायचं, ते बायझंटाइन कारागिरांकडून आलेलं. १२४० मध्ये मंगोलांनी कीव्ह उद्ध्वस्त केलं आणि ते काम जवळपास थांबलंच. हे तुमच्याकडे कधी विकायला येणार नाही, आलं तर पोलिसांना फोन करावा अशी वस्तू असेल.

मग १६व्या-१७व्या शतकात मॉस्कोच्या क्रेमलिनमधल्या शाही कारखान्यांत मीना परत आली. त्याच सुमाराला उत्तरेला सोल्विचेगोद्स्क नावाच्या गावात, जिथे स्त्रोगानोव्ह हे मिठाचे मोठे व्यापारी घराणं होतं, एक वेगळीच शैली तयार झाली. पांढऱ्या मीनेच्या जमिनीवर मोठमोठी ट्यूलिपसारखी फुलं, पक्षी, माणसं, आणि वाडग्याच्या आतल्या बाजूलाही चित्रं. रशियन मीनेचा हा प्रकार मला सगळ्यात जिवंत वाटतो, पण तोही आपल्या बजेटच्या बाहेरचा.

पीटर द ग्रेटने देश पश्चिमेकडे वळवला तशी दरबाराची आवडही बदलली, फ्रेंच-जर्मन घाटाची चांदी आली आणि हे देशी रंगीत काम मागे पडलं. रोस्तोव्हमध्ये मात्र १८व्या शतकापासून मीनेवर छोटी धार्मिक चित्रं काढायचा धंदा सुरू झाला तो आजतागायत चालू आहे, आणि वेलिकी उस्त्युगमध्ये चांदीवर काळं नक्षीकाम, ज्याला निएलो म्हणतात, ते टिकलं. निएलो ही मीना नव्हे, मीना म्हणजे काच आणि निएलो म्हणजे चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचं काळं मिश्रण कोरलेल्या रेषांत भरून भाजलेलं. लोक दोन्ही एकाच टोपलीत टाकतात, तुम्ही टाकू नका.

आपल्याला ज्याच्याशी खरं काम आहे तो काळ १८५० ते १९१७. मॉस्कोचा साझिकोव्ह हा जुना कारखाना, १७९३ पासूनचा, त्याने १८५१ च्या लंडन प्रदर्शनात बक्षीस मिळवलं आणि रशियन विषयांवरची चांदी जगाला दिसली. त्यानंतर पावेल ओव्चिन्निकोव्ह. हा माणूस जन्माने भूदास, प्रिन्स वोल्कोन्स्कीच्या मालकीचा, आणि १८५३ मध्ये त्याने मॉस्कोत स्वतःचा कारखाना काढला, म्हणजे १८६१ मध्ये भूदासांची मुक्ती व्हायच्या आधीच. पुढे तो राजघराण्याचा पुरवठादार झाला. जुन्या रशियन शैलीचं पुनरुज्जीवन ज्याला म्हणतात त्यातलं हे सगळ्यात मोठं नाव. त्याच्या बरोबरीने ख्लेब्निकोव्ह, मग कुर्ल्युकोव्ह, नेमिरोव्ह-कोलोद्किन, मारिया सेम्योनोव्हा, गुस्ताव क्लिंगर्ट, अंतीप कुझ्मिचेव्ह. कुझ्मिचेव्हचा माल न्यूयॉर्कच्या टिफनीने विकायला घेतला होता, काही वस्तूंवर तसं लिहिलेलंही असतं, त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी मंडळींना तिकडच्या लिलावात तो सापडण्याची शक्यता चांगली आहे.

हे सगळं मॉस्कोतच का, सेंट पीटर्सबर्गला का नाही, तर पीटर्सबर्ग म्हणजे दरबार आणि दरबाराला फ्रेंच चव, मॉस्को म्हणजे व्यापारी आणि त्यांना आपलं, देशी, भरगच्च, रंगीत हवं होतं. रेल्वे आणि कापडगिरण्यांतून पैसा आलेला होता आणि तो दाखवायचाही होता. फाबेर्जेने १८८७ मध्ये मॉस्कोत शाखा काढली ती याच गिऱ्हाइकासाठी, आणि तिथली रशियन शैलीतली मीना बऱ्याच प्रमाणात बाहेरून, फ्योदोर र्‍युकर्ट नावाच्या स्वतंत्र कारागिराकडून करून घेतली. र्‍युकर्ट मूळचा अल्सेसचा जर्मन. माझ्या मते या सगळ्या काळातला मीनेतला तो सर्वात मोठा हात, आणि नाव मात्र शंभरातल्या एकाला माहीत.

१९१७ नंतर कारखाने बंद झाले किंवा सरकारजमा झाले. सोव्हिएत सरकारला परकीय चलन हवं होतं म्हणून जप्त केलेली चांदी विकायला काढली. अमेरिकन राजदूताची बायको मार्जोरी पोस्ट १९३७-३८ मध्ये मॉस्कोत होती, तिने सरकारी गोदामांतून आणि कमिशन दुकानांतून भरपूर घेतलं, काही चांदी तर चक्क वजनावर. तो संग्रह आज वॉशिंग्टनच्या हिलवूड म्युझियममध्ये आहे, तिकडे राहत असाल तर एक अख्खा दिवस द्या. मॉस्कोत क्रेमलिनचं आर्मरी चेंबर आणि रेड स्क्वेअरवरचं ऐतिहासिक म्युझियम, पीटर्सबर्गला शुवालोव्ह पॅलेसमधलं फाबेर्जे म्युझियम, आणि लंडनकरांसाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. फोटो बघून डोळा तयार होत नाही, काचेमागून का होईना पण खरी वस्तू बघावी लागते.

पायरी १: मीना कशी बनते ते समजून घ्या

मीना म्हणजे रंगीत काच कुटून, पाण्याने धुऊन, ओली असताना खणात भरायची, वाळवायची आणि भट्टीत घालायची. वितळली की ती खाली बसते, मग परत भरायची, परत भाजायची. आता गंमत इथे आहे की ८४ ठशाची चांदी म्हणजे ८७.५ टक्के चांदी आणि बाकी मुख्यतः तांबं, आणि असा धातू ७७९ अंश सेल्सिअसला वितळायला सुरुवात करतो. मीना वितळायला साधारण ७०० च्या वर जावं लागतं. म्हणजे कारागिराच्या हातात फरक किती उरला बघा. थोडं जास्त झालं की मीनेबरोबर वस्तूच बसली. शिवाय सगळे रंग एकाच तापमानाला वितळत नाहीत, म्हणून कडक रंग आधी आणि मऊ रंग नंतर असा क्रम ठेवावा लागतो. चांगल्या मीनाकारीच्या बऱ्याच वस्तूंवर ८४ ऐवजी ८८ किंवा ९१ दिसतं त्यामागे हेही एक कारण, चांदी जितकी शुद्ध तितकी ती भट्टीत कमी त्रास देते आणि पारदर्शक रंगाखाली स्वच्छ चमकते.

प्रकार मुख्यतः पाच. पहिला आणि सर्वात जास्त दिसणारा तारेचा, रशियात त्याला स्कान म्हणतात. दोन बारीक तारा एकमेकींत पिळून, जराशा चपट्या करून, त्यांचे वेलबुट्टीचे खण चांदीवर डागाने म्हणजे सोल्डरने बसवायचे आणि आत मीना भरायची. यात तार मीनेच्या पातळीपेक्षा किंचित वर राहते, घासून सपाट करत नाहीत. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा प्रकार शेडेड मीना. खण तारेचेच पण एका पाकळीच्या आत रंग गडद ते फिका असा उतरत जातो, वर ब्रशने बारीक रेषाही काढलेल्या असतात. १९०८ नंतरच्या कामात हे रंग ऑलिव्ह, करडा-निळा, तपकिरी अशा दबक्या छटांकडे जातात, र्‍युकर्टची उशिराची कामं बघा. मला स्वतःला हेच आवडतं, झगमगीत निळा-पांढरा-लाल माल पाच मिनिटांनी डोळ्यांना टोचायला लागतो.

तिसरा, धातू कोरून खड्डे करून त्यात मीना भरायची. १८७० च्या दशकातल्या ओव्चिन्निकोव्ह-ख्लेब्निकोव्हच्या कामात हे खूप आहे, आणि नक्षी बहुतेक वेळा खेड्यातल्या टॉवेलांवरच्या भरतकामातून उचललेली, चौकोनी, टाक्याटाक्याची. चौथा, खिडकीसारखी आरपार मीना, मागे धातूच नाही, उजेडात धरली की रंगीत काच दिसते. फार नाजूक, फार महाग आणि तडे गेलेली जास्त. पाचवा म्हणजे मशीनने लाटा किंवा किरणं कोरलेल्या पृष्ठभागावर पारदर्शक मीना, ही पीटर्सबर्गच्या फाबेर्जेची ओळख. सुरुवात करताना पहिल्या दोन प्रकारांतच राहा, तिथे शिकायला सर्वात जास्त आणि फसलात तरी खड्डा छोटा.

पायरी २: भिंगाखाली एक चमचा

दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घ्या, फोनचा कॅमेरा चालत नाही, तो रंग सुधारून दाखवतो. खिडकीजवळ बसा. समजा हातात १९०० च्या आसपासचा मॉस्कोचा चहाचा चमचा आहे. मीना दांड्यावर आणि वाटीच्या पाठीमागे असते, वाटीची आतली बाजू सोन्याचा मुलामा दिलेली. आधी तार बघा. खऱ्या कामात पीळ सुतळीसारखा स्पष्ट दिसतो, कोपऱ्यात जिथे दोन तारा भेटतात तिथे जोड दिसतो, काही ठिकाणी डाग थोडा जास्त पसरलेला असतो, एखादा वेल दुसऱ्यापेक्षा जाडा असतो. हाताचं काम ते. नकली मालात बऱ्याचदा सगळा चमचा तारांसकट साच्यात ओतलेला असतो, मग तारेचा पीळ गोलगोल, बुजलेला दिसतो, धातूत बारीक छिद्रं दिसतात आणि प्रत्येक वेल अगदी एकसारखा.

मग मीनेचा पृष्ठभाग. खणात मीना मधोमध किंचित खोल बसलेली असते, कडेला तारेला चिकटून वर चढलेली. एखादा बारीक बुडबुडा, एखादं काळं टिंब चालतं, तेवढं सगळ्यांच्याच कामात सापडतं. सगळे खण काठोकाठ, तारेच्या वर फुगून आलेले, चकचकीत प्लॅस्टिकसारखे असतील तर ती काच नसून रेझिन असण्याची शक्यता धरा. ओठाला किंवा गालाला लावून बघा, काच थंड लागते आणि रेझिन तितकं नाही. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळते स्वस्तात, अंधारात ती मारली की बहुतेक रेझिन वेगळंच चमकतं आणि दुरुस्त केलेला खण बाकीच्यातून उठून दिसतो. सुई टोचून बघायचा उद्योग करू नका, वस्तू तुमची नाही अजून.

काठाचे ते पांढरे किंवा फिरोजी ठिपके, मोत्यांच्या माळेसारखे, ते मीनेचे थेंब असतात. यातले दोन-चार उडालेले असणं नॉर्मल आहे. एकही उडालेला नाही आणि वस्तू सव्वाशे वर्षांची, असं होऊ शकतं, पण मग ती डबीत ठेवलेली असावी आणि डबीही असावी.

पायरी ३: पाठ, कडा आणि झीज

वापरलेली वस्तू कुठे झिजते ते डोक्याने काढा. उजव्या हाताने ढवळणाऱ्या माणसाच्या चमच्याचं टोक एका बाजूने झिजतं. भांड्याचा मुलामा तळाच्या कड्यावर आणि बोटं धरतो तिथे जातो, खोबणीत टिकतो. सिगारेट केसची झीज कोपऱ्यांवर आणि खटक्याशेजारी. सगळीकडे सारखी, एकाच दिशेने ओरखडे असलेली झीज म्हणजे कोणीतरी ब्रश फिरवलाय.

बिजागरी आणि कान, मूठ, पाय यांचे जोड तपासा. राखाडी, मऊ, ओघळलेला डाग दिसला तर ती कथिल-शिशाची दुरुस्ती. मीना एकदा झाली की वस्तूला परत मोठी आंच देता येत नाही, म्हणून नंतर तुटलेलं लोक असं मऊ डागाने चिकटवतात. त्याने किंमत बरीच पडते, पण वस्तू खोटी ठरत नाही, उलट ओरिजिनल जुनं आहे याचा तो एक छोटा पुरावाच.

एक डाव फार चालतो. साधी, मीना नसलेली जुनी रशियन चांदी खूप आहे आणि ती स्वस्त आहे. खरे ठसे असलेला साधा चमचा किंवा केस घ्यायची, तिच्यावर आजकाल मीना चढवायची आणि दहापट भावात विकायची. ठसे शंभर टक्के खरे! म्हणूनच ठसा शेवटी. अशा वस्तूत ठशाच्या आजूबाजूची झीज आणि मीनेची झीज जुळत नाही, ठसा पुसट आणि मीना कोरी करकरीत, किंवा नक्षी ठशाला वळसा न घालता अर्ध्यावरून गेलेली.

पायरी ४: आता ठसे

आकडे आधी. रशियन हिशोब ९६ झोलोत्निकचा (हे जुनं रशियन माप), म्हणजे ९६ ला शुद्ध चांदी. ८४ म्हणजे हजारात ८७५, ८८ म्हणजे ९१६, ९१ म्हणजे सुमारे ९४८. सोन्यावर ५६ दिसलं तर ५८३, ७२ दिसलं तर ७५०. आपल्याकडचा सराफ ८४ बघून ८४ टंच म्हणतो आणि तसा भाव लावतो, म्हणजे वजनावर मोडीत दिली तरी तुमचं साडेतीन टंचाचं नुकसान, आणि मोडीत देणं हाच मुळात गुन्हा समजावा कारण चमचा जेमतेम २०-२५ ग्रॅमचा असतो, पैसे कामाचे असतात, चांदीचे नाही.

आता चिन्हं. १८९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत शहराचं चिन्ह असायचं: मॉस्को म्हणजे घोड्यावरचा सेंट जॉर्ज राक्षसी सर्पाला भाल्याने मारतोय, पीटर्सबर्ग म्हणजे दोन आडवेतिडवे नांगर, जहाजाचे, आणि मध्ये राजदंड. शेजारी चांदीची शुद्धता तपासणाऱ्या परीक्षकाची आद्याक्षरं आणि बऱ्याचदा वर्ष. १८९६ मध्ये नवीन नियम झाला आणि १८९९ पासून कोकोश्निक आला, म्हणजे पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या बाईचं डोकं. ती डावीकडे बघत असेल तर १८९९ ते १९०८, उजवीकडे बघत असेल तर १९०८ नंतरचा. डावीकडच्या ठशात परीक्षकाची आद्याक्षरं असतात, मॉस्कोचा इवान लेबेद्किन सर्वात जास्त दिसतो, त्याचं पहिलं अक्षर उलट्या एनसारखं. उजवीकडच्यात आद्याक्षरांऐवजी ग्रीक अक्षर, मॉस्कोला डेल्टाचा त्रिकोण आणि पीटर्सबर्गला अल्फा.

१९२७ पासून हातोडीवाला कामगार येतो आणि आकडे हजारात, ८७५, ९१६ असे. १९५८ पासून चांदणीत विळा-हातोडा. आणि इथे एक खड्डा आहे: सोव्हिएत संघ गेल्यावर १९९४ पासून रशियाने कोकोश्निक परत आणला. म्हणजे बाईचं डोकं आणि शेजारी ९२५ असेल तर ती परवाची वस्तू आहे, झारची नाही. विकणारा सांगणार नाही.

कारखान्याच्या नावाबद्दल. राजघराण्याच्या पुरवठादारांना दोन डोक्यांचा गरुड लावायची परवानगी होती. पण वॉर्सातल्या नॉर्ब्लिन आणि फ्राजे या कंपन्यांच्या मुलामा दिलेल्या मालावरही गरुड असतो, आणि तो माल पितळेवर चांदीचा पातळ थर एवढाच. गरुड दिसला म्हणून नाचू नका, आकडा कुठे आहे ते विचारा. पूर्ण नाव लिहिलेलं असेल तर शेवटी एक अक्षर बघा, इंग्रजी लहान बी सारखं पण वर डावीकडे शेपूट असलेलं. जुन्या रशियन शुद्धलेखनात व्यंजनावर संपणाऱ्या ओव्चिन्निकोव्हसारख्या नावाच्या शेवटी ते यायचं, १९१८ च्या सुधारणेत गेलं. नकली पंच करणारा आजचं शुद्धलेखन लिहून मोकळा होतो. फाबेर्जेला हे लागू नाही, ते नाव स्वरावर संपतं. र्‍युकर्टचा ठसा दोनच अक्षरांचा, पहिलं म्हणजे गोलातून उभी दांडी, दुसरं इंग्रजी पी सारखं.

फाबेर्जे लिहिलेलं असेल तर तारखा जुळवायची सवय लावा. मॉस्कोच्या मालावर नावाच्या आधी के आणि वर गरुड असतो, पीटर्सबर्गच्या मालावर नुसतं आडनाव आणि वर्कशॉपच्या मुख्य कारागिराची आद्याक्षरं. मिखाईल पेर्खिन हा असाच एक मुख्य कारागीर, तो १९०३ ला वारला. त्याची आद्याक्षरं आणि शेजारी उजवीकडे बघणारी बाई, म्हणजे १९०८ नंतरचा ठसा, असं एकत्र दिसलं की वस्तू खाली ठेवा आणि चहा प्यायला जा. नकली मालात हा घोळ वारंवार सापडतो, कारण पंच करणाऱ्याकडे एक सेट असतो आणि तो सगळीकडे तोच ठोकतो.

शेवटचं म्हणजे सुटे भाग. झाकण, तळ, आतली वाटी, प्रत्येक सुट्या भागावर ठसा असायला हवा आणि ते एकमेकांशी जुळायला हवेत. फ्रान्समधून फिरून आलेल्या वस्तूवर कधी छोटा हंस दिसतो, तो १८९३ पासूनचा फ्रेंच ठसा, बाहेरून आलेल्या चांदीवरचा. क्रांतीनंतर पॅरिसला गेलेल्या रशियन लोकांनी काय काय विकून दिवस काढले ते त्या हंसावरून कळतं, आणि मला तरी तो ठसा असलेली वस्तू जास्त विश्वासाची वाटते.

पायरी ५: सुरुवात कशाने करायची

भारतात बसून सर्वात सोपी सुरुवात सोव्हिएत काळातल्या मालाने. लेनिनग्राडचे ९१६ ठशाचे, मुलामा आणि मीना असलेले कॉफीचे चमचे, उस्त्युगची निएलो, रोस्तोव्हचे मीनेचे ब्रोच, दागेस्तानातल्या कुबाची गावची कामं. सोव्हिएत लोकांशी कामानिमित्त संबंध आलेल्या घरांत असल्या भेटवस्तू निघतात, नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना सोव्हिएत मदतीने झाला, पवईची आयआयटीही सुरुवातीला सोव्हिएत मदतीवर उभी राहिली, त्यामुळे अशा घरांतल्या शोकेसमध्ये आणि मग यथावकाश जुन्या बाजारात काहीतरी दिसू शकतं. पण बऱ्याचदा तो चहाच्या ग्लासचा होल्डर निघतो, रशियन रेल्वेत मिळतो तसला, कोल्चुगिनोच्या कारखान्याचा. तो चांदीसारखा दिसतो पण धातू तांबं-निकेलचा. तळाला एम, एच आणि यू सारखं असं काहीतरी तीन अक्षरी दिसेल, त्याचा अर्थ तांबं, निकेल, जस्त. चहा प्यायला छान आहे, चांदीच्या भावाने घेऊ नका.

मग झारकाळात शिरायचं तर मॉस्कोची मुलामा दिलेली निएलोची चमची, मग छोट्या, कमी माहीत असलेल्या कारागिराची मिठाची चमची किंवा चहाचा चमचा मीनेसकट. १९०८ नंतर कारागिरांनी सहकारी संस्था काढल्या, त्यांना आर्तेल म्हणतात, सहावी, अकरावी, विसावी अशी आकड्यांची नावं. अकराव्या आर्तेलची मीना पुष्कळदा मोठ्या नावांच्या तोडीची असते आणि भाव मात्र नावाला लागतो, त्यामुळे हा माल मला सर्वात फायद्याचा सौदा वाटतो. मोठं नाव आणि उडालेली मीना, की छोटं नाव आणि धडधाकट मीना, असं निवडायचं आलं तर डोळे मिटून दुसरं घ्या. फुटलेली मीना पहिल्यासारखी होत नाही, परत भाजायला गेलं तर शेजारचे खण जातात आणि रेझिन भरलं तर ते रेझिनच राहतं.

घेताना विकणाऱ्याकडे लिलावाची जुनी पावती, डबी, घरातलं पत्र काही असेल तर मागा. नामांकित लिलावघराचं वर्णन नीट वाचा, "ठशाप्रमाणे" आणि "यांनी बनवलेलं" यात फरक असतो, पहिल्यात ते जबाबदारी घेत नाहीत. ऑनलाइन घेताना पाठीचा, प्रत्येक ठशाचा आणि खिडकीच्या उजेडातला फोटो मागा, आणि परत घेण्याची अट लेखी. थेट रशियातून मागवायचं डोक्यात असेल तर दोन अडचणी: २०२२ च्या मार्चपासून व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे बंद आहेत, आणि जुन्या कलावस्तू रशियाबाहेर काढायला तिथल्या सरकारची परवानगी लागते. परवानगीचा कागद नसलेली वस्तू विमानतळावरच जाते.

आपल्याकडच्या कायद्याचंही बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू ही पुरावस्तू, आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे लंडनला राहणाऱ्याने १८९० चा डबा हौसेने पुण्याला आणून ठेवला तर परत नेताना अडकू शकतो. आणायच्या आधी कस्टम्सवाल्या एजंटशी बोला, बिलं आणि फोटो जवळ ठेवा, म्हणजे वस्तू कधी आली ते तरी दाखवता येईल.

पायरी ६: घरी आणल्यावर

भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू, टूथपेस्ट, रांगोळी, हे सगळं लांब ठेवा. सोन्याचा मुलामा केसाइतकाही जाड नसतो, दोनदा घासलात की गेला. चांदी बुडवून चकचकीत करायचं लिक्विड मिळतं त्यात आम्ल असतं, ते मीनेच्या तड्यात शिरतं आणि आतून खात राहतं. सराफाच्या दुकानातलं अल्ट्रासॉनिक मशीन म्हणजे तर मीना पाडायचं मशीन. कोमट पाणी, एक थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, लगेच टिपून कोरडं, बस. गरम चहातून काढून थंड नळाखाली धरू नका, काच आणि धातू वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि तडा जातो.

काळवंडलेला भाग नक्षीच्या खोबणीत थोडा राहू द्या, त्यानेच काम उठून दिसतं. ठेवताना प्रत्येक वस्तू वेगळ्या धुतलेल्या सुती कापडात, एकावर एक नाही. रबरबँड नको, रबरात गंधक असतं आणि ते चांदीवर काळा पट्टा उमटवतं, वर्तमानपत्रही नको. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात झाकण घट्ट असलेल्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर महिन्याला बदला, कारण ओल धरलेली पुडी वस्तूशेजारी असणं म्हणजे नसल्यापेक्षा वाईट.